केलरमधली ऊब

५ ऑक्टोबर, गेर्लिंगेन, जर्मनी
आलो एकदाचे स्वतःच्या घरात! घर उतारावर आहे, त्यामुळे तळघराचं, म्हणजे इथल्या भाषेत केलरचं, दार थेट बागेत उघडतं. ती बाबांची खोली. नाशिकहून त्यांना आणलं तेव्हाच ठरलं होतं, त्यांच्या गुडघ्यांना आता जिने नकोत. फरशी मात्र बर्फासारखी. कारागीर लाइबोल्ड म्हणाले, खाली नुसती माती आहे, इन्सुलेशन मुळीच नाही. आता फोमचे बोर्ड, त्यावर गरम पाण्याच्या नळ्या, वर लाकडी फ्लोअरिंग. फूसबोडनहाइट्सुंग, म्हणजे फरशीखालचं हीटिंग! माझ्या नवऱ्याने, श्रीरंगने, हा शब्द बाबांकडून तीनदा म्हणवून घेतला. हसून हसून पुरेवाट.

२६ ऑक्टोबर
काम झालं. आमची छोटी ऊर्जा मोजे काढून खोलीभर नाचली. बाबा खिडकीशी खुर्ची टाकून बसले, म्हणाले, उन्हातल्या गच्चीवर बसल्यासारखं वाटतंय.

२ नोव्हेंबर
बाबांच्या खुर्चीखाली पाटाएवढी जागा गार आहे. लाइबोल्ड कॅमेरा लावून बघून गेले. नळ्या शाबूत, पाणी गरम जातं, परत येतं ते थंडगार. ऊब जाते कुठे, त्यांनाही कळेना. खुर्ची दुसऱ्या भिंतीशी नेली.

४ नोव्हेंबर
गार जागाही त्या भिंतीशी गेली.

९ नोव्हेंबर
बाबांची पावलं पांढरी पडलीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रक्ताभिसरण उत्तम आहे. मी बाबांना खोदून विचारलं.
"अगं ऊर्मिला, खाली कुणीतरी गारठलंय. माझ्या तळव्यांवर हात शेकतं बिचारं."
शेजाऱ्याबद्दल सांगावं, तसं सांगितलं.

१३ नोव्हेंबर
हीटिंग बंद केलं. श्रीरंगने बाबांना पाठुंगळीला घेऊन वर आणलं, सोफ्यावर बसवलं. दहा मिनिटांत त्यांच्या पायांखालची टाइल गार. पांढरेपणा पोटऱ्यांपर्यंत आलाय.

१६ नोव्हेंबर
हॉस्पिटलमधून परत. सगळे रिपोर्ट नॉर्मल. तिथेही त्यांच्या पलंगाखाली हात लावून पाहिला मी — नर्स बघत राहिली.

१८ नोव्हेंबर
मांड्या. गरम पाण्याची पिशवी ठेवते, ती लगेच थंड होते. इतकी वर्षं ते जे काही आहे ते मुकाट पडून होतं. त्याला ऊब दाखवली मी. हौसेने —

२१ नोव्हेंबर
बाबा गेले. सकाळी नऊला. शेवटी म्हणाले, "त्याचं एवढ्यात भागलं असेल, तर बरं."

२८ नोव्हेंबर
केलरला कुलूप. आज सामान आवरायला उघडलं. हीटिंग दोन आठवडे बंद आहे. तरी फरशी कोमट. सगळी नाही. माणूस आडवा झोपला तर व्यापेल एवढी. लाइबोल्ड सोमवारी येऊन सगळं उखडणार. तोवर कुणी खाली जायचं नाही — ऊर्जाला दोनदा बजावलं. तिने नुसतं "हो, ममा" केलं.

३० नोव्हेंबर, दुपार
ऊर्जा कुठे दिसेना. बागेकडचं दार उघडं, किल्ली कुलपालाच. ती तिथे झोपलेली, त्याच जागेवर, पाय पोटाशी घेऊन. "एस इस्ट सो श्योन वार्म." छान ऊब आहे म्हणे. उचलून वर आणलं. मोजे काढले —

रुग्णवाहिका निघालीये. श्रीरंगही. मांडीवर घेऊन बसलेय, तिचे पाय जमिनीला लागू देत नाही. डॉक्टरांना सांगता यावं म्हणून वेळ लिहून ठेवते.
३.१० — बोटं.
३.१८ — टाचा. चोळतेय, काही होत नाही. ती म्हणते, दुखत नाही.
३.२४ — घोटे. गाडी अजून —
३.२७ — माझ्या मांडीला गार