चंद्रमौळीरावांच्या कानांची परीक्षा

कुंभकोणम्,
बहुधान्य संवत्सर, कार्तिकै महिना सरता सरता

राजमान्य राजेश्री सुंदरराव यांचे सेवेसी, मेहुणा रामलिंग याचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व मंडळी सुखरूप, आपली बहीण धरून. आपला गुडघा कसा आहे? जिना चढताना करकरतो असे आपण लिहिले होते. (करकर ऐकून दुखणे ओळखणे हा माझाच धंदा, पण तो कर्ण्यांपुरता. गुडघ्याला वैद्याचे तेल लावावे, माझे नको.) वहिनींना नमस्कार. म्हैस व्याली असेल तर खरवसाची आठवण पोचली असे समजावे.

आता मुख्य हकिकत. आपली भाची विजयलक्ष्मी हिची सोयरीक साक्कोट्टैच्या चंद्रमौळीरावांच्या सुंदरेशाशी जुळत आली होती हे आपण जाणताच. मुलगा गुणी, पत्रिका जमलेली, शिवाय पोरीच्याही मनात (हे तिच्या आईने मला तोंडाने नाही, डोळ्यांनी सांगितले). अडले कुठे, तर वाल्वात. झाले असे की चंद्रमौळीराव माझ्या दुकानात आले. मी लग्नामुंजींना आंप्लिफायर आणि कर्णे भाड्याने देतो, तो नवा सेट त्यांनी उघडून पाहिला, आत काचेच्या दिव्यांसारख्या वाल्वांऐवजी लोखंडी टोपीचे वाल्व दिसले, आणि नाक मुरडून म्हणाले, "काचेच्या वाल्वातून नाद निघतो हो, लोखंडातून नुसता आवाज." मी सोडावाटरच्या बाटल्या विकत वर आलेला माणूस, मोठ्यांच्या होला हो करतच दुकान थाटले. पण त्या दिवशी जिभेवर शनी बसला. म्हणालो, "वाल्व डोळ्यांना दिसला नाही तर फरक कोणालाच कळायचा नाही." झाले! माणूस कोर्टात शिरस्तेदार होता. जन्मभर लोकांनी त्याचे ऐकले. छत्री उचलून म्हणाले, "ज्याला नाद कळत नाही त्याच्या घरची मुलगी आणून मी काय भांड्यांची आदळआपट ऐकू?" आणि घोड्याच्या जटक्यात बसून गेले.

त्यानंतर तिकडून चकार शब्द नाही. मार्गळी तोंडावर आलेली. ती एकदा लागली की महिनाभर लग्नाचा विषय काढायचा नाही. तोवर मुलगा मद्रासेस नोकरीवर जाणार, आणि तिथे मुली असलेल्या बापांना काय तोटा? विजू दारात गुपचूप कोलम्ची रांगोळी काढायची आणि अर्धे सोडून उठायची. आपली बहीण माझ्याशी हुबेहूब वाल्वासारखी वागू लागली; तापलेली असायची, पण आवाज नाही. शेवटी मीच साक्कोट्टैला गेलो आणि म्हणालो, माझे चुकले असेल. आपण घरी यावे, पडद्याआड वाल्व ठेवतो, आपल्या कानांनी न्याय करावा. परीक्षा कानांची म्हटल्यावर चंद्रमौळीराव आनंदाने फुलले.

आता परीक्षा घ्यायची तर चोख घ्यायची. दोन सेट सारखे, एकात काचेचे वाल्व, एकात लोखंडी; दोन्ही आधीपासून तापवून ठेवलेले, कारण थंड वाल्व आणि झोपेतून उठलेला गवई यांवरून कोणाची किंमत करू नये. ग्रामोफोनची तबकडी एक, कर्णा एक, मधे फक्त एक बटण. दोन्हींचा जोर मीटर लावून सारखा केला. (ज्याचा आवाज तीळभर मोठा तोच कानाला गोड लागतो. महाग माल दाखवताना आम्ही दुकानदार बटण जरासे पिळतो ते उगीच नाही. हे बाहेर बोलू नये.) आपल्या बहिणीच्या नऊवारीचा पडदा बांधला. मग माझ्याच कानांनी घोटाळा काढला: बटण वर गेले की 'टिक' वाजे, खाली आले की 'टक'. म्हणून ते गोधडीत गुंडाळले.

बटण फिरवायला कोण? ज्याला कळते त्याच्या चेहऱ्यावर, खोकल्यावर, श्वासावरही उत्तर दिसते. म्हणून मी आपल्या सरस्वतीकाकूंना बसवले. त्यांना ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. यापेक्षा निःपक्षपाती माणूस हायकोर्टातही मिळायचा नाही. अडचण एकच, काकू सोवळ्यात. बटणाला हात लावीनात. शेवटी धुतलेल्या लाटण्याने ढकलायचे ठरले. मी बाहेरून त्यांच्या पाटाला बांधलेली दोरी ओढली की काकूंनी फोडलेला चिंचोका टाकायचा. पांढरी बाजू वर आली तर बटण फिरवायचे, काळी आली तर तसेच ठेवायचे. चंद्रमौळीरावांनी डोळे मिटून फक्त सांगायचे, तेच की निराळे.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आपण सगळे घरात मराठी आणि बाजारात तमिळ. पण चंद्रमौळीराव ऐटीत आले की घरातही तमिळावर जातात. 'निराळे' म्हणायचे तिथे 'वेरे' म्हणतात. त्यात जेवणानंतरचा विडा तोंडात. आपल्या गावच्या पानाची तारीफ मी काय करावी. पण तो विडा गालात असताना माणसाचा 'व' कुठला आणि 'ब' कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

तबकडी लागली, नागस्वर सुरू झाले. मी दोरी ओढली. चंद्रमौळीराव डोळे मिटून, मान डोलावून, "वेरे!" पुन्हा दोरी, पुन्हा "वेरे!" असा रंग चढला. एवढ्यात आपली बहीण अंबुजा हळदकुंकवाचे ताट घेऊन आली, चंद्रमौळीराव बसले होते तिथे, त्यांच्यापासून दोन हातांवर उभी राहिली आणि अगदी स्वच्छ म्हणाली, "अण्णा, मार्गळीच्या आत मुलांचा निश्चय करून टाकायचा ना?" त्याच क्षणी मी (मला काय ठाऊक!) दोरी ओढली. चंद्रमौळीराव गरजले, "वेरे! शुद्ध वेरे!"

"बरे म्हणाले! शुद्ध बरे म्हणाले!" अंबुजा ओरडली. अहो, विजू बाहेर येऊन पाया पडली, सोबत आलेल्या विहीणबाईंनी (त्यांना ही सून पहिल्यापासून हवी होती) डोळ्यांना पदर लावला, शेजारणी साखर घेऊन आत शिरल्या. चंद्रमौळीरावांनी डोळे उघडले तो मांडीवर नारळ!

"हे काय?" ते म्हणाले.

"आपणच बरे म्हणालात," अंबुजा म्हणाली. "मी काय विचारले ते आपल्याला ऐकू नाही का आले?"

सगळे घर त्यांच्याकडे पाहत होते. सुंदरराव, कोर्टात फाशीचा हुकूम ऐकणाऱ्याची मुद्राही इतकी विचारी नसेल. काच आणि लोखंड ज्याला वेगळे ऐकू येते त्याने दोन हातांवरची बाई ऐकू आली नाही असे म्हणायचे कसे? त्यांनी तो अख्खा विडा गिळला आणि म्हणाले, "ऐकू न यायला काय झाले! कान आहेत हे!" आणि नारळ उचलून कपाळाला लावला.

मंडळी साखर खात असता मी पडद्याआड गेलो. काकू भक्तिभावाने चिंचोके टाकीत बसल्या होत्या आणि लाटणे कोपऱ्यात पडले होते. खुणेने विचारले तर म्हणाल्या, "पहिल्याच वेळी तुझ्या तारेला लागून ओवळे झाले रे, मग कसे हात लावू?" म्हणजे बटण एकदाही हलले नव्हते! सगळा वेळ एकच सेट वाजत होता, आणि तोही लोखंडी! (मधे एकदा मलाही किंचित फरक जाणवला होता, हे फक्त आपल्याला लिहितो.) असा विजय हातात घेऊन मी पडद्याआड उभा, आणि बाहेर विजू हसत होती. तोंड उघडले असते तर 'वेरे' म्हणजे 'वेरे'च होते हेही उघडे पडले असते. मी गोधडीची घडी घातली आणि बाहेर येऊन म्हणालो, "अण्णा, आपले कान खरे." ते म्हणाले, "मी काय सांगत होतो?"

लग्न मार्गळी सरल्यावर, तै महिन्यात. आपण सहकुटुंब आठ दिवस आधी यावे. मामाशिवाय मुलीला मांडवात कोण आणणार? लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

आपला,
रामलिंग

ता. क. लिहायचे होते ते हेच, वर राहिले. लग्नात माझा लोखंडी सेटच लावणार, कारण काचेचा तिरुनागेश्वरच्या उत्सवाला आधीच ठरला आहे. पण व्याही उघडून पाहतील. तरी तंजावरच्या दुकानांतून वाया गेलेले काचेचे वाल्व गोळा करून आणावेत. नाद गेलेला चालेल, आत वात मात्र लाल पेटली पाहिजे. सेटच्या वरच्या फळीवर मांडून ठेवीन.

पुन्हा ता. क. दादास अंबुजाचा नमस्कार. यांनी पत्र वाचून दाखवले. काकूंचे आणि लाटण्याचे खरे आहे. पण मला चुकीचे ऐकू आले असे हे समजतात, ते तेवढे तुम्ही समजू नका. व्याह्यांना दुसरा विडा मीच करून दिला होता, जरा मोठाच. विडा त्यांच्या तोंडात होता, माझ्या कानात नव्हता.