बोट सुनेला, ‘नको’ सगळ्यांना

मी, खाली सही करणारी, धंदा मासेमारी, बोटीची मालकीण आणि बोट चालवणारीही मीच, वय साठीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने, स्वतःच्या हाताने आणि मागे कोणी उभे नसताना लिहून ठेवत आहे. डॉक्टरांनी माझ्या हृदयाबद्दल जे सांगितले ते घरात सर्वांना ठाऊक आहे. डोक्याबद्दल मात्र मी त्यांच्याकडून लेखी दाखला घेतला असून तो सोबत जोडला आहे. उद्या कोणी ‘म्हातारीला भ्रम झाला होता’ असे म्हणू लागला, तर आधी त्याला तो दाखला वाचायला द्यावा.

कलम १. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी कोणाला काही देईन असे म्हटले असेल, तर ते रागात किंवा लाडात म्हटले असेल. दोन्ही रद्द समजावे.

कलम २. जाळ्यांच्या गोदामावरच्या दोन खोल्या, त्यांतील सामानासह, माझ्या मुलाला. बँकेत जे असेल तेही त्याला. तो बंदरावर क्रेन चालवतो, वेळेवर घरी येतो, बायकोच्या पाठीशी उभा राहतो. त्याला समुद्र नको होता आणि ते त्याने मला तोंडावर सांगितले. लपूनछपून पळण्यापेक्षा ते बरे. मागच्या खोलीची खिडकी खाऱ्या वाऱ्याने फुगते. ती रंधा मारून नीट करावी, दरवर्षी नुसती लाथ मारून बंद करू नये.

कलम ३. माझी बोट, तिचे इंजिन, वायरलेस, जाळी, दोर आणि परवाना, सर्व माझ्या सुनेला, तिच्या एकटीच्या नावावर. मुलाशी याविषयी समोरासमोर बोलणे झाले आहे, ते येथे लिहिते, म्हणजे नंतर वाद नको.

तो म्हणाला, “आई, विकून टाकू. ती एकटी किती दिवस ओढणार?”

“ती आत्ताही एकटीच ओढते. मी नुसती ओरडते.”

“लोक काय म्हणतील? पोटचा पोर असताना बोट सुनेला?”

“लोकांना म्हणावं, पोटच्या पोराला बोट लागते.”

तो हसला, आणि ज्या अर्थी हसला त्या अर्थी त्याची संमती आहे असे मी धरते.

माझी सून रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा तिने समुद्र पाहिलेलाही नव्हता. पहिल्या फेरीत तिने पोटात होते नव्हते ते सगळे बाहेर काढले, तोंड धुतले आणि विचारले, “आई, उद्या किती वाजता निघायचं?” त्या दिवशीच मी ठरवले होते. कागदावर आज येते आहे, एवढेच.

कलम ४. आता खुणांविषयी. या मृत्युपत्रातली सर्वांत मोठी मिळकत तीच असल्याने जरा सविस्तर लिहिते.

माझे यजमान गेले तेव्हा बोटीवर त्यांचे जुने जीपीएस यंत्र होते. समुद्रात एखादी जागा लक्षात ठेवायची असली की ते बटण दाबत आणि यंत्र त्या जागेची खूण साठवून ठेवी. आयुष्यभर त्यांनी अशा खुणा जमवल्या. काही मासळीच्या, काही धोक्याच्या. यंत्र सहा अक्षरांपलीकडे नाव घेत नसे, त्यामुळे त्यांची नावे आखूड आणि त्यांच्यासारखीच हट्टी होती. एका खुणेचे नाव ‘भांडण’. तिथे आमचे कशावरून वाजले ते मला आठवत नाही, पण बांगडा दणकून मिळाला होता. एकीचे नाव ‘चहा’, कारण तो तिथे सांडला. आणि जिथे खडक, बुडालेले जहाज किंवा जाळे फाडणारे लोखंड आहे, अशा प्रत्येक जागेला त्यांनी एकच नाव दिले: ‘नको’. नको एक, नको दोन, असे पुढे.

ते गेल्यानंतर यंत्राचा पडदा विझत चालला. नवा फिशफाइंडर घ्यायला मी यंत्रांच्या दुकानात गेले. त्यात खालची मासळी, पाण्याची खोली आणि नकाशा, सगळे एकाच पडद्यावर. मी दुकानदाराला म्हटले, “जुन्यातल्या खुणा यात घालून द्या.”

“बाई, त्याची केबल आता बनत नाही. नव्यात कार्ड लागतं, जुन्याला कार्डाची जागाच नाही. त्या जुन्या खुणांचं काय लोणचं घालायचंय? नव्याने टाका.”

“ज्याने त्या टाकल्या, तो नव्याने येणार आहे का?” मी विचारले, आणि यंत्र विकत घेऊन बाहेर पडले.

सुनेने दोन निकामी केबली कापल्या, तारांना तारा जुळवून डाग दिला आणि जुने यंत्र संगणकाला जोडले. पहिल्या वेळी काही आले नाही. दुसऱ्या वेळी नुसता कचरा आला. ती उठली नाही. शेवटी पडद्यावर नावांची रांग उतरू लागली, त्यात ‘चहा’ आला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी हलवली.

त्या खुणा नव्या यंत्राला समजतील अशा करून तिने कार्डावर घेतल्या आणि फिशफाइंडरमध्ये घातल्या. नावे आली, चिन्हे मात्र वाटेत गळाली. धोक्याची कवटी आणि मासळीचा मासा, दोन्हींचे सारखेच काळे ठिपके झाले. नुसता ठिपका पाहून गेलो असतो तर मासळी समजून खडकावर गेलो असतो. म्हणून आम्ही दोघींनी एकेक नाव वाचून चिन्हे पुन्हा बसवली.

काही खुणा, त्यांत आमच्या धक्क्याचीही, केबल जुळण्याआधी मी जुन्या पडद्यावरून वाचून हाताने घातल्या होत्या. त्यांत आणखी एक मेख निघाली. त्या हिशेबाने आमचा धक्का पाण्यात उभा दिसत होता! सुनेने कारण शोधले. समुद्रातली जागा अंशांत आणि मिनिटांत लिहितात, पण मिनिटाचा पुढचा तुकडा दोन रीतींनी लिहितात. एका यंत्रात मिनिटाचे शंभर भाग, दुसऱ्यात साठ सेकंद. म्हणजे अर्धा मिनिट एका यंत्रात पन्नास आणि दुसऱ्यात तीस. फरक कागदावर एवढासा, पाण्यावर मात्र धक्क्यापासून बाजाराच्या टोकापर्यंतचा. आम्ही नव्या यंत्रातले मोजमाप जुन्यासारखे केले, त्या खुणा पुन्हा घातल्या आणि धक्का जमिनीला लागला.

कलम ५. माझे धाकटे दीर. यांच्याविषयी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

यजमान गेल्यावर दिवस उलटतात न उलटतात तोच ते दारात आले. “वहिनी, दादाच्या खुणा घराण्याच्या आहेत. यंत्र माझ्याकडे द्या. बाईमाणसाला त्यांचं काय करायचंय?”

मी म्हटले, “भाऊजी, बाईमाणूस उद्या बोट घेऊन चाललंय. तुम्ही दोर सोडायला या.”

ते आले नाहीत. उलट धक्काभर सांगत सुटले की वहिनी खुणा परक्याला विकणार. त्यानंतर बोलणे बंद. समोरासमोर बोट लागली तरी ते दोराकडे पाहत आणि मी आभाळाकडे. पुढे त्यांचे यंत्र बिघडले. त्यांनी नवे घेतले, भारी आणि रिकामे.

मग ते धुके आले. दुपार होती, पण हाताचा पंजा दिसत नव्हता. आम्ही लवकर परतलो होतो. दिरांची बोट अजून बाहेर होती, त्यांच्याबरोबर दोन खलाशी. बंदराच्या तोंडाशी एका बाजूला वाळूचा बांध आहे आणि दुसऱ्या बाजूला गाळ काढणारे जुने जहाज बुडालेले आहे. ओहोटीला त्याचे लोखंड पाण्याखाली हातभर राहते. यजमानांच्या यादीतला नको एक तो.

आमच्या बोटीवरचा वायरलेस खरखरला. “वहिनी.”

इतक्या वर्षांनी तो आवाज ऐकला. सुनेने माझ्याकडे पाहिले. मी माइक उचलला.

“बोला भाऊजी.”

“तोंड सापडत नाही. बुडालेलं जहाज कुठे आहे ते कळत नाही. दादाची खूण आहे ना तुमच्याकडे?”

“आहे. इंजिन हळू करा. मी वाचते, तुम्ही घाला.”

मी आकडे वाचले. शेवटी म्हटले, “पुढे पन्नास.” त्यांनी घातले.

“आली खूण,” ते म्हणाले. “उत्तरेला आहे, बरीच लांब. मग मी सरळच येतो.”

“खाली पाणी किती दाखवतंय?”

“कमी होतंय. आणखी कमी झालं.”

माझ्या मनात पाल चुकचुकली. जहाज लांब असेल तर तिथे पाणी कमी व्हायला नको. “भाऊजी, तुम्ही स्वतः कुठे आहात ते पडद्यावरून वाचा. अगदी जसं लिहिलंय तसं.”

ते वाचू लागले. अंश, मिनिटं, “...आणि एकोणतीस सेकंद.”

“सेकंद?” मी ओरडले. “इंजिन मागे घ्या! आत्ता! पन्नास नाही, तीस! माझा अर्धा मिनिट पन्नास असतो, तुमचा तीस!”

त्यांनी ‘का?’ म्हणून विचारले नाही, हे मी त्यांच्या खाती जमा धरते. वायरलेसवर नुसता इंजिनाचा घरघराट ऐकू आला. मग खलाशी ओरडला, “लोखंड! पुढ्यातच!” आणि मग काहीच नाही. सुनेने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले.

“दिसलं,” दीर हळू आवाजात म्हणाले. “नाकासमोर होतं. सुटलो.”

“आता तीस घाला,” मी म्हटले. “दुसरा आकडाही सेकंदांत करून सांगते. घाई करू नका.”

पुन्हा आकडे घातले, खूण जागेवर बसली आणि तिला एका अंगाला ठेवून त्यांनी बोट आत आणली. मीच त्यांचा दोर धरला. ते उतरले, ओठ पांढरे पडले होते.  मग म्हणाले, “वहिनी, तुमचा अर्धा मिनिट माझ्यापेक्षा मोठा निघाला.”

“होताच,” मी म्हटले. “घरी चला, कोरडे कपडे घाला.”

कलम ६. त्या दिवसानंतर मी जे ठरवले ते माझ्या मागेही चालू राहावे. सर्व ‘नको’ खुणा कोणा एकाची मिळकत नाहीत. जो कोणी कार्ड घेऊन येईल, मग तो मित्र असो, स्पर्धक असो की आमच्याशी अबोला धरलेला असो, त्याला सुनेने त्या, आणि सोबत धक्क्याची खूण, भरून द्याव्यात. मोबदला घेऊ नये, चहाही मागू नये. देण्याआधी त्याचे यंत्र सेकंदांत बोलते की शंभर भागांत, हे पाहावे. दिल्यावर धक्क्याला बांधलेल्या बोटीवरच तपासावे. धक्का जमिनीवर दिसला तर खुणा बरोबर, पाण्यात दिसला तर त्याला जाऊ देऊ नये, त्याने कितीही घाई केली तरी.

कलम ७. मासळीच्या खुणा सुनेच्या. द्यायच्या की नाही, कोणाला द्यायच्या, तो तिचा अधिकार. धक्क्यावरचे लोक गोड बोलून विचारतील. तिने गोड बोलून काही सांगू नये.

कलम ८. याला एकच अपवाद. खुणांमध्ये ‘शेंबडा’ नावाची एक आहे. दोघे भाऊ लहानपणी वडिलांबरोबर गेले असता धाकट्याने पहिला मासा तिथे ओढला, नाक पुसायचेही भान न ठेवता. यजमान दर वेळी तिथून जाताना वेग कमी करत. ही खूण माझ्या दिरांना. त्यांना नावाचा अर्थ विचारावा लागणार नाही. मासळी तिथे बेताचीच आहे, हेही सांगून ठेवते, म्हणजे नंतर फसवले असे म्हणायला नको.

कलम ९. जाळी विणायच्या सुया, पकडी, पाने आणि यजमानांचा जाड कोट सुनेला. कोटाच्या बाह्या तिने कापून घ्याव्यात, कोट नुसता जपून ठेवू नये. तिने डाग देऊन केलेली केबल यंत्रांच्या दुकानदाराला, त्याने ती गल्ल्याच्या वर टांगावी या अटीवर. टांगली नाही तरी मुलाने वर्षातून एकदा जाऊन विचारावे.

कलम १०. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी बर्फ कारखान्याच्या मॅनेजरना नेमते. ते कमी बोलतात आणि वजनात कधी मारत नाहीत.

कलम ११. मी गेल्यावर माझ्या आठवणीची खूण यंत्रात घालू नये. सुनेने एकदा तसे सुचवले होते, तेव्हाच मी नाही म्हटले. मासळी जागा बदलते. माझ्या किंवा यजमानांच्या एखाद्या खुणेवर सलग रिकामे जाळे आले, तर ती खुशाल पुसावी आणि स्वतःची घालावी. नावही स्वतःचे ठेवावे. ‘नको’ मात्र एकही पुसू नये, जोवर स्वतः तिथे जाऊन पाणी मोजले नाही. दुसऱ्याने सांगितले म्हणून नाही, नवऱ्याने सांगितले म्हणून नाही, आणि नव्या नकाशात दिसत नाही म्हणून तर मुळीच नाही.

वरील मजकूर मी वाचला आहे, समजून घेतला आहे, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

लिहून ठेवणार: (सही) बोटीची मालकीण

साक्षीदार १: (सही) डॉक्टर. यांनी माझ्यासमोर सही केली. विश्रांती घ्या असे सांगितले असता ‘कलमात लिहू का?’ असे विचारले.

साक्षीदार २: (सही) धाकटा दीर. मला काही देणारे एक कलम आहे म्हणून साक्षीदार होता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. तरी सही केली आहे. खोडायची असेल तर खोडा.

साक्षीदार २, नियमाप्रमाणे: (सही) वायरलेस केंद्रावरील कर्मचारी. दिरांची सही खोडलेली नाही, मालकीणबाईंनी खोडू दिली नाही.

ठिकाण: बर्फ कारखान्याचे ऑफिस, धक्क्याच्या बाजूचे टेबल.
दिनांक: वरील शिक्क्याप्रमाणे. वेळ: भरती पुरी व्हायच्या आत. सून खाली इंजिन चालू करून थांबली आहे.