कुणालीची कविता यापुढे कोणी म्हणायची

मी, सुंदरा कुंडलिक निमसे, वय वर्षे एकाहत्तर, व्यवसाय मुलांसाठी कविता करणे व शाळांमधून त्या म्हणणे, राहणार शहापूर, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझे फुप्फुस निकामी होत आले आहे, डोके नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. घालायला जवळ कोणी बसतही नाही.

१. माझे पती कै. कुंडलिक यांनी भातसानगरला धरणावर नोकरी करून हे घर बांधले. आम्हाला मूल नाही. घर पुतण्या चि. हर्षित याला द्यावे. कुंडलिकच्या आजारपणात त्याने हगणेमुतणे काढले, ते मी विसरलेले नाही. मात्र कलम ५ मधली अट त्याने पाळायची आहे.

२. बँकेतली शिल्लक माझ्या क्रियाकर्माला लावावी. तेराव्याला गोडधोड नको.

३. सत्काराच्या शाली ट्रंकेत आहेत. इतक्या शाली मिळाल्या आणि थंडीत पांघरायला एकही धड नाही. शाळेत जमिनीवर बसणाऱ्या मुलांखाली त्या अंथराव्यात. शालीबरोबर मिळालेले नारळ आम्ही खाल्ले. तालुक्याच्या बालमेळाव्याच्या अध्यक्षांनी मुलांना उन्हात बसवून मुलांवरच्या प्रेमाचे भाषण केले होते. माझी बोलायची पाळी आली तेव्हा दोन मुली चक्कर येऊन पडल्या होत्या. या गृहस्थांना माझ्या शोकसभेत बोलू देऊ नये. त्यांना बोलायचेच असेल तर उन्हात उभे करावे.

४. माझा डफ भाग्यश्री बाईंना द्यावा. मुरबाडकडच्या शाळांत त्या माझ्यासोबत यायच्या. मुले दंगा करू लागली की मोठ्याने वाजवायचा नाही, अगदी हळू वाजवायचा, म्हणजे ती ऐकायला गप्प होतात. त्यांनाच मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते.

५. हे कलम मुख्य आहे, म्हणून खुलाशाने लिहिते.

माझी एक कविता सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येक शाळेत मी मागे बसलेली, मान खाली घातलेली एखादी मुलगी हेरायची आणि तिचे नाव कवितेत घालायची. मुले विचारायची, अमकी कुठे गेली, कुठे गेली? मी डफावर एकेक जागा सांगायची, भाताच्या खाचरात, करवंदीच्या जाळीत, म्हसा गावच्या जत्रेत. मुले "नाय, नाय" ओरडायची. शेवटी त्या मुलीने उठायचे आणि सगळ्यांनी "ही बघा!" म्हणायचे. वर्षभर कुणाशी न बोललेल्या मुली त्या एका हाकेने हसायच्या. मला यापेक्षा मोठे काही करता आले नाही, आणि करायचेही नव्हते.

कसाऱ्याच्या अलीकडे डोंगरात एक वाडी आहे. तिथल्या शाळेत नाव घेतले ते कुणालीचे. ती इतकी खुलून उठली की हर्षितने मोबाइलवर टिपलेला तो व्हिडिओ गावोगाव पोहोचला. मग सगळ्या शाळांत कुणालीचेच नाव म्हणू लागले. वाडीतल्या मुलांनी तर तो खेळच केला.

धरणाचे पाणी मुंबईला जाते. वाडीला एक विहीर आहे, तीही चैत्रात तळाला जाते. मुली आत उतरून वाटीने हंडा भरतात. कुणाली एकटीच उतरली आणि पाय सटकला. संध्याकाळी ती घरी नाही म्हणून वाडी शोधायला निघाली. मुलेही निघाली, आणि त्यांना येत होती तशीच हाक मारत निघाली, माझ्या चालीत. खाचरात, जाळीत, सगळीकडे. विहिरीत सगळ्यांत शेवटी बघितले.

हर्षितचे म्हणणे, नाव बदलून कविता पुस्तकात घेऊ, व्हिडिओ नवा करू. प्रकाशकही तेच म्हणतो. माझा हट्ट उलटा होता, नाव राहावे, निदान तेवढी तरी ती राहील. म्हणून कुणालीची आई ठकी हिला विचारायला गेले. ती भांडी घासत होती.

ती म्हणाली, "नाव कुनाचं पन घ्या बाई, मला तिचंच आयकू येतं. पोरं वरडतात, कुटं गेली, कुटं गेली. मी हातातलं टाकून दारात येते. रोज येते गो बाई."

मी म्हटले, पोरांना मना करू का? ती म्हणाली, "पोरांना मारू नका. त्यांना काय म्हाईत."

सबब, या कवितेचे सर्व हक्क मी ठकीला देते. ती सांगेल तेच खरे. हर्षितने तो व्हिडिओ काढून टाकावा आणि कविता कुठल्याही नावाने छापू देऊ नये. त्याने हे न केल्यास भाग्यश्री बाईंनी घर विकून वाडीवर पाण्याची टाकी बांधावी. मला लोक याच कवितेने ओळखतात. ती गेली की मीही गेले, हे मला कळते, आणि वाईट वाटते. फार वाईट वाटते.

हे मृत्युपत्र मी पूर्ण वाचून, समजून, खालील साक्षीदारांसमोर त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

स्थळ: शहापूर
दिनांक: १४ जून २०२४

सही: सुंदरा कुंडलिक निमसे

साक्षीदार:
१. शाम गणपत देसले
२. प्रियांका शेखर विशे

ता. क. सह्या झाल्यावर कलम ५ ठकीला वाचून दाखवले. वाडीतल्या मुलांना काय सांगायचे, असे भाग्यश्री बाईंनी तिला विचारले. तिचा निरोप तिच्याच शब्दांत इथे लिहिते, आणि याखालीही आम्ही तिघांनी सह्या केल्या आहेत.

"सांगा त्यांना, कुणाली गावली. आता हुडकू नका."

सही: सुंदरा कुंडलिक निमसे
सही: शाम गणपत देसले
सही: प्रियांका शेखर विशे