खिडकीजवळचं टेबल, दोघांसाठी

दि. ४ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. खिशात फोन असताना पत्र लिहायला लावणारी जगात तू एकटीच. पोस्टाच्या खिडकीमागे बावीस वर्षं बसलेल्या बाईला आपलं खातं जगवायची काळजी असणारच, म्हणून लिहितो.

बातमी अशी की मला बढती मिळाली. एक तारखेपासून मी हॉटेलात कॅप्टन, म्हणजे सगळ्या वेटरांचा मुख्य. जहाज नाही, पण टेबलं सोळा, आणि सोळाच्या सोळा दोघांसाठी. कुणी तिसरी खुर्ची मागितली तर आमच्या मालकीणबाई त्याच्याकडे असं बघतात की तो बिचारा पोराला घेऊन उपाशी घरी जातो. भूक लागली म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, मागणी घालायची असली तर, आणि भांडण नुकतंच मिटलं असलं तर. दिवे अगदी मंद. उजेडात प्रेम टिकत नाही असं मालकीणबाईंचं मत आहे. गेल्या आठवड्यात एका साहेबांनी त्या अंधारात शेजारच्या टेबलावरच्या बाईंचा हात धरला आणि दोन मिनिटं दोघांपैकी कुणालाच कळलं नाही. व्हायोलिनवाल्याला तर हुकूमच आहे की डोळ्यांत पाणी आल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. बायकांना भावनेनं येतं, नवऱ्यांना जांभई देऊन येतं. त्याला दोन्ही चालतं.

मी प्रत्येक जोडप्याला खुर्ची ओढून देतो, किंचित वाकतो आणि सांगतो की आजची संध्याकाळ फक्त तुमची. एका संध्याकाळी बत्तीस वेळा. अजून एकदाही जीभ अडखळली नाही.

अठरा तारखेला आमच्या लग्नाला पंधरा वर्षं होतील. नेमका शनिवार आला. दोन्ही पाळ्या भरलेल्या. कॅप्टननंच दांडी मारली तर जहाज बुडालंच. तिला म्हटलं, सोमवारी माझी सुट्टी आहे, तेव्हा घरीच काहीतरी करू, पायात स्लिपर घालून निवांत. ती बरं म्हणाली. फार समजूतदार आहे. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या घासत बसते, पण तोंडातून तक्रारीचा शब्द नाही.

तुमच्या पंचविसाव्याला भाचीनं तुम्हा दोघांना अशाच एका हॉटेलात ढकललं म्हणे. भाऊजींनी तिथला बॉयलर उघडला नाही ना? सविस्तर कळव.

आशीर्वाद असू दे, आणि थोडा अभिमानही.

तुझा,
फुग्या
(इथे मला कॅप्टन म्हणतात)


दि. ९ नोव्हेंबर

चि. फुग्यास,
अ. उ. आ.

बढतीचं कळलं, बरं वाटलं. लहानपणी रुसून गाल फुगवायचास म्हणून हे नाव पडलं. आता छाती फुगलीय, म्हणजे नाव बदलायला नको.

आमच्या पंचविसाव्याची कथा ऐक. लेकीनं आधीच टेबल ठरवून टाकलं होतं, नाही म्हणायची सोयच नव्हती. आत शिरलो तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. टेबलावर गुलाबाच्या पाकळ्या पसरलेल्या. तुझ्या भाऊजींनी वेटरला सांगितलं की हा कचरा उचला, ताट कुठे ठेवणार? मग मेनू वाचता येईना, म्हणून त्यांनी खिशातून कामाची बॅटरी काढली. बॉयलर तपासायची बॅटरी ती. शेजारचं टेबल दिवसासारखं उजळलं. तिथलं तरुण जोडपं एकमेकांकडे पाठ करून आपापल्या फोनमध्ये बुडालं होतं. दोघं दचकून असे सरळ बसले जणू मास्तर वर्गात आले. जेवण येईपर्यंत ह्यांनी पंख्याचा आवाज ऐकून त्याचं बेअरिंग गेल्याचं निदान केलं. सूप खारट, मासा गार, आणि बशीच्या मानानं घास एवढासा की मी आधी ती सजावटच समजले.

तरी एक सांगते. परत येताना बसस्टॉपवर हे मला म्हणाले की आज दोन तास तू एकदाही उठली नाहीस. घरी गॅस, दार, फोन, काही ना काही असतंच. माझ्याही ते तेव्हाच लक्षात आलं. एवढ्या वर्षांत आम्ही समोरासमोर बसून राहिलोच नव्हतो.

आता तुझ्याकडे वळते. तुझी बायको बरं म्हणाली, आणि तू ते पदरात पाडून घेतलंस. अरे शहाण्या, बायकांच्या बरं म्हणण्याचे दहा प्रकार असतात आणि त्यातला एकच होकाराचा. बत्तीस जोडप्यांना संध्याकाळ वाटतोस, त्यातली एक घरी ने. सुट्टी माग. मालकीणबाई काही खाणार नाहीत. त्यांच्या हॉटेलात खायला मिळतं कुठे एवढं!

धाकटीला, म्हणजे तुझ्या बायकोला, माझा हा निरोप सांग, आणि तो न विसरता सांग.

माया आहे तशीच आहे, तू तेवढा सुधार.

तुझी,
ताई


दि. २१ नोव्हेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा पंचविसाव्याचा किस्सा घरी मोठ्यानं वाचून दाखवला. हसून हसून पुरेवाट झाली.

आमचा शनिवार उत्तम पार पडला. तुझी भावजय हॉटेलातच आली होती. मला तसा अंदाज होताच. खिडकीजवळचं, सगळ्यात चांगलं टेबल तिला मिळालं. मधे पुडिंगच्या बशांचा थोडा घोटाळा झाला. अशा गोष्टी मोठ्या हॉटेलांत व्हायच्याच. मी परिस्थिती शांतपणे हाताळली. शेवटी वेळात वेळ काढून दहा मिनिटं तिच्यासोबत बसलोसुद्धा. टाळ्या पडल्या. आता मी कॅप्टन, टाळ्या माझ्यासाठी नवीन नाहीत, तरी बरं वाटलं.

मालकीणबाईंनी आजपासून मला दुपारच्या पाळीला घेतलं आहे. दुपारी ऑफिसातली माणसं घाईघाईत जेवून जातात, तिथे अनुभवी माणसाची गरज आहे असं त्यांना वाटतं. कॅप्टन हे पद दुपारी नसतं. पण संध्याकाळी सहाला मी घरी.

ती मजेत आहे. जरा गप्प असते, थकली असेल. भाऊजींना नमस्कार.

कृपा असावी आणि फार चौकशी नसावी.

तुझा,
फुग्या


दि. २२ नोव्हेंबर

ती. स्व. ताईंना,
सा. न. वि. वि.

ह्यांनी तुम्हाला पत्र टाकलंय हे मला माहीत आहे. काय लिहिलं असेल त्याचाही अंदाज आहे, म्हणून मीही लिहिते.

तुमच्या पत्राचं पहिलं पान त्यांनी मला वाचून दाखवलं. दुसरं घडी घालून खिशात टाकलं. मला ते धुवायच्या शर्टात सापडलं. ते वाचून मी दुसऱ्याच दिवशी लॅबमधून हॉटेलात फोन केला आणि माहेरच्या आडनावानं टेबल मागितलं. शनिवारचं, खिडकीजवळचं, दोघांसाठी, कुणीतरी नुकतंच सोडलेलं.

शनिवारी अर्धा दिवस रजा घेतली. नखांतलं प्लास्टर टाचणीनं काढलं, चांगले कपडे घातले आणि साडेसहाला पोचले. दारात हे उभे होते. वाकले. म्हणाले, उजेड कमी आहे, पायरी सांभाळा मॅडम, साहेब मागून येताहेत का? मी म्हटलं, नाही, ते इथेच कामाला असतात. ते गिऱ्हाइकाला हसतात तसं हसले आणि मला टेबल दाखवायला पुढे निघाले. तीन पावलं गेल्यावर मात्र थांबले. पाठमोरेच होते, पण पाठसुद्धा घाबरलेली दिसते हे मला तेव्हा कळलं.

खुर्ची ओढून दिली. मग कानाशी येऊन विचारलं की तुला वेड लागलंय का, मालकीणबाईंनी पाहिलं तर काय? मी म्हटलं, टेबल दोघांचं आहे, बसा. कामावरच्या माणसांना बसायची परवानगी नाही असं सांगून ते गेले. सूप दोन आले. माझं मी प्यायले, मग त्यांचंही, उगाच गार कशाला करायचं. व्हायोलिनवाला आला. समोरची रिकामी खुर्ची पाहून मी विधवा आहे अशी त्याची समजूत झाली असावी. इतकं करुण वाजवलं त्यानं की हसू दाबून दाबून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो समाधानानं पुढच्या टेबलाकडे गेला.

मग पुडिंग आलं. दुसऱ्या घासाला दाताखाली काहीतरी टणक लागलं. धंदाच दातांचा, म्हणून मी हळू चावते. काढून बघते तर अंगठी. ताई, तुमच्यापासून काय लपवू? मला वाटलं, ह्यांनीच ठेवली. मी ती रुमालानं पुसली आणि बोटात घातली. घट्ट होती, पण गेली. ते पाच-सहा सेकंद मी कुणाला देणार नाही.

तेवढ्यात हे टेबलांमधून धावत येताना दिसले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळलं. अंगठी पलीकडच्या खिडकीतल्या एका तरुणाची होती. त्यानं ती आपल्या मैत्रिणीच्या पुडिंगात ठेवायला दिली होती आणि बशा बदलल्या. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून हे माझ्या खुर्चीशी गुडघा टेकून बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. लांबून लोकांना काय दिसलं असेल? पुरुष गुडघ्यावर, बाईच्या बोटात अंगठी. अख्ख्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. व्हायोलिनवाला पळत परत आला. पलीकडचा तरुण उभा राहून ओरडला की ती माझी अंगठी आहे, आणि त्याची मैत्रीण त्याला विचारू लागली की कसली अंगठी?

बोटातून निघेना. शेवटी पावाबरोबरचं लोणी लावून काढली. मी स्वतः ती त्या तरुणाच्या हातात नेऊन दिली आणि सांगितलं की बाबा, द्यायची तर हातानं दे, खाण्यात घालू नकोस. तुटलेले दात मग आमच्याकडे येतात. ती मुलगी हसली आणि तिनं हात पुढे केला. निदान त्यांचं तरी जमलं.

मी मागे वळले तर हे माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलेले. मालकीणबाई डोक्याशी उभ्या. ह्यांनी त्यांना सांगितलं की टेबल दोघांसाठी आहे आणि दोघं बसलेत. आणि उठले नाहीत. उरलेलं पुडिंग आम्ही अर्धं अर्धं खाल्लं.

अंगठीचा मला राग नाही. ती चूक होती. राग आहे त्या दारातल्या स्वागताचा. पंधरा वर्षं संसार केलेली बायको समोर उभी होती, हातभर अंतरावर, आणि त्यांनी मला मॅडम म्हटलं.

भाऊजींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.

आपली,
धाकटी


दि. २७ नोव्हेंबर

चि. फुग्यास,
अ. उ. आ.

एकाच थैलीतून तुमच्या घरची दोन पत्रं आली. दोन्ही एकाच शनिवारची, पण शनिवार काही एक वाटला नाही. तुझ्यात वादळात उभा असलेला कॅप्टन आहे. तिच्यात एक माणूस आहे, आणि तो मला जास्त आवडला, कारण तो खुर्चीत बसला आणि उठला नाही. ते तू मला लिहिलंच नाहीस. दहा मिनिटं वेळात वेळ काढून म्हणे!

तुझे भाऊजी म्हणतात, पोराला बोलू नकोस, नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून बसला तो. म्हणून बोलत नाही. फक्त विचारते. दारात तिला ओळखलं नाहीस, हे खरं का? मला उत्तर देऊ नकोस. तिला दे.

वाट पाहणारी,
ताई


दि. १५ डिसेंबर

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

खरं आहे.

अंधाराचं निमित्त मी तिलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, अंधार दोघांनाही सारखाच होता, मी तुम्हाला ओळखलं.

दुपारची पाळी बरी आहे. पोटात भूक असलेली माणसं येतात आणि पटापट जेवतात. कुणाला खास काही नको असतं, गरम हवं असतं. मालकीणबाई दोनदा विचारून गेल्या की माफी मागून संध्याकाळी परत येतोस का. मी नको म्हटलं. घाबरतच म्हटलं, पण म्हटलं.

सहाला घरी आलो की पहिले काही दिवस फार अवघड गेले. ती साडेसहाला येते. आम्ही दोघं लख्ख ट्यूबलाइटखाली समोरासमोर बसायचो, आणि मी सवयीनं तिचा ग्लास अर्धा झाला की भरायचो. चार दिवस नुसतं पाणी पाजलं बिचारीला. पाचव्या दिवशी नीट पाहिलं. कानामागे केस पांढरे झालेत. चष्मा बदललाय. उजव्या अंगठ्यावर घासण्याच्या मशीननं कापल्याची जुनी खूण आहे, ती मला माहीतच नव्हती. मी विचारलं, तू एवढी कधी बदललीस? ती म्हणाली, रोज संध्याकाळी थोडी थोडी.

ताई, सोळा टेबलांवर मला कधी शब्द कमी पडला नाही. इथे एवढंच म्हणालो की मग सगळं पहिल्यापासून सांग, मी कुठे जात नाही. आधी ती हसली, तुम्हाला झोप येईल म्हणाली. मग सांगायला लागली. लॅबमधला पहिला दिवस, अंगठा कापला ती संध्याकाळ, घरमालकाशी तिनं एकटीनं घातलेला वाद, सगळं. तिच्या लॅबच्या भाषेत सांगायचं तर अजून कवळीचा साचा घेणंच चाललंय, घासणं पुढे. तीन आठवडे झाले. ती आता कुठे दुसऱ्या वर्षापर्यंत आली आहे.

साडेसहा वाजत आले, जिन्यावर पावलं वाजताहेत. पत्र इथेच आवरतो. आशीर्वाद दोघांना मिळून पाठव.

तुझा,
फुग्या