मम्मीचे पॉइंट

आळेफाटा,
४ नोव्हेंबर

प्रिय अंकित,

फोनवर तू दर दोन वाक्यांनी "एक मिनिट, ताई" म्हणतोस, आणि ते मिनिट संपेपर्यंत मी कुठे होते ते मलाच आठवत नाही. म्हणून लिहितेय. पप्पा गल्ल्यावर बसलेत आणि मी मागे साखरेच्या पोत्यांना टेकून लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नकोस. ठेवलीस तरी चालेल, तुझ्या नावं ठेवण्याची मला सवय आहे.

चार वर्षांपूर्वीच्या लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी तू इथेच, काउंटरवर लॅपटॉप उघडून दोन कार्डं समोर मांडली होतीस. एकाला वर्षाची फी नव्हती, पॉइंटही जेमतेम. दुसऱ्याला दहा हजार फी आणि वर जीएसटी, पण पॉइंट चौपट, विमानतळावर लाउंज, आणि वर्षात आठ लाख खर्च झाला तर फी माफ. मी बिनफीचं म्हटलं. आपल्या घरात कोण विमानात बसतं, असं विचारलं. तू पप्पांकडे बघून हसलास आणि म्हणालास, "ताई, फुकटचं कार्ड फुकटच्याच लायकीचं असतं." पप्पाही हसले. फाट्यावर वीस वर्षं दुकान चालवणारी मी, माझ्या हिशेबाला त्या दिवशी घरात कुणी विचारलं नाही.

मम्मी तेव्हा फराळाचं ताट घेऊन बाहेर आली आणि शिखरजीच्या यात्रेचं तूच काढलंस. तिला लग्नाआधीपासून शिखरजीला जायचं होतं. दुकान कधी बंद राहिलं नाही, म्हणून राहून गेलं, आणि आता दोन दिवस रेल्वेत बसणं तिच्या कमरेला झेपणार नव्हतं. तू म्हणालास, दुकानाची सगळी खरेदी माझ्या कार्डावर टाका, तीन वर्षांत तुम्हा तिघांची विमानाची तिकिटं फुकट. मम्मीने ताट खाली ठेवलं आणि तुझ्या तोंडावरून हात फिरवला. मला वाटतं, तिने त्याच क्षणी मनात बॅग भरली.

मग तू माझ्या नावाचं जोडकार्ड पाठवलंस आणि मी ते राबवलं. तेल, साखर, चहापत्ती, विम्याचे हप्ते, लाइटबिल, गोडाऊनचे पत्रे. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे तुझ्या खात्यावर, एकही महिना चुकला नाही. पॉइंट मात्र तुझ्या नावावर. मम्मी दर पाडव्याला विचारायची, झाले का रे? पहिल्या वर्षी तू म्हणालास, अर्धे झाले. दुसऱ्या वर्षी झाले होते, पण विमान कंपनीची ऑफर येऊ दे, मग जास्त किंमत मिळेल म्हणालास. त्यानंतर बँकेने नियम बदलले, पॉइंटची किंमत उतरली, आता अजून थोडे साठू दे. तिला यातलं काही कळत नव्हतं. तिला एवढंच कळत होतं, की मुलगा आपल्यासाठी काहीतरी साठवतोय.

पिंपळवंडीच्या सारजाबाई तुला आठवतात ना? मेंढरं घेऊन कोकणात उतरायच्या, जाताना-येताना आपल्याकडे चहा-गूळ घ्यायच्या. गेल्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात त्या दुकानात बसल्या होत्या आणि मम्मी कौतुकाने त्यांना सांगत होती, की अंकित मला विमानाने नेणार आहे, पॉइंट साठायचेत फक्त. सारजाबाईंनी तिला उठताना काउंटर धरताना पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, पाय हायेत तवर जाऊन या. इमान कुठं जात न्हाई, पाय जात्यात." मम्मीला राग आला. चार दिवस ती मला सांगत होती, की त्यांना काय कळतंय कार्डातलं. त्यांना कार्डातलं कळत नव्हतं हे खरं. पण मम्मीचे गुडघे त्यांनी तुझ्याआधी पाहिले.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये तुझ्या रिद्धीने बालीचे फोटो टाकले. खाली लिहिलं होतं, दोघांची तिकिटं पॉइंटवर, पूर्ण फुकट. ते माझ्याआधी मम्मीने पाहिले. मी दुकानातून वर आले तेव्हा ती फोटो बोटांनी मोठा करून बघत होती. ती म्हणाली, "सुनेला टोपी छान दिसते." आणि भाजी चिरायला गेली. मी तुला फोन केला तेव्हा तू म्हणालास, पॉइंट महिनाअखेरीला संपणार होते, वाया गेले असते. अंकित, मी तुझ्यासारखी पुण्यात शिकले नाही, पण मला वाचता येतं. बँकेच्या पानावर ठळक अक्षरांत आहे, या कार्डाचे पॉइंट कधीच संपत नाहीत. दहा हजारांची फी त्याचसाठी तर होती. तू सरळ म्हणाला असतास, की ताई, माझी इच्छा झाली, आम्ही गेलो, तर मी भांडले असते आणि विसरले असते. तू खोटं बोललास, आणि तेही मला अडाणी समजून.

तुझं गणित चुकीचं नव्हतं. जो वर्षातून चारदा उडतो, लाउंजमध्ये जेवतो, त्याला ती फी परवडते. पण मम्मी आयुष्यात एकदाच उडणार होती. तिच्यासाठी साधं तिकीट काढायचं, पैसे भरायचे आणि निघायचं, एवढं सोपं होतं ते. पहिल्याच वर्षी सहज जमलं असतं. मीही तुझ्या पॉइंटांच्या नादात ते पाहिलं नाही, हा माझा गुन्हा आहे आणि तो मी तुझ्यावर ढकलत नाही.

या जानेवारीत मी तिला शिखरजीला घेऊन गेले. तुला सांगितलं नव्हतं, कारण तू सल्ला दिला असतास. पुण्याहून रांची, मध्ये एक विमान बदलून. पप्पा दुकानासाठी मागे राहिले. लाउंज नव्हतं. आम्ही साध्या खुर्च्यांवर बसून डब्यातला खाखरा खाल्ला आणि मम्मी येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांच्या बॅगा बघत होती. विमान उठलं तेव्हा तिने माझं मनगट असं धरलं, की दोन दिवस वळ होता.

डोंगर नऊ किलोमीटर वर, मग वरच्या सगळ्या टोंकांचं, म्हणजे तीर्थंकरांच्या पादुकांच्या छोट्या देवळांचं, दर्शन, मग तेवढंच खाली. चालतच चढायचं, हे तिने फार पूर्वी ठरवलं होतं. मी डोलीवाल्यांना बरोबर यायला सांगितलं होतं, ते मागून चालत होते. ती काठी टेकत ओढ्यापर्यंत आली, म्हणजे जेमतेम तिसरा हिस्सा, आणि तिथे उजवा गुडघा वाकेना. ती दगडावर बसली. डोलीवाले पुढे झाले. मी खूप विनवलं. ती म्हणाली, "दोन माणसांच्या खांद्यावर बसून मी देवापुढे कोणत्या तोंडाने जाऊ?" माझ्या शेजारून सत्तरीच्या बायका चढत होत्या, जय बोलत होत्या, आणि आपली मम्मी, जी पासष्टाव्या वर्षी दिवसात दहा वेळा दुकानाचा जिना चढायची, शिखराकडे तोंड करून हात जोडून बसली होती. तिने नवकार मंत्र म्हटला. बराच वेळ म्हटला. मग आम्ही उतरलो.

उतरताना ती एकच वाक्य बोलली. "तीन वर्षांपूर्वी चढले असते." आणि पायथ्याशी आल्यावर म्हणाली, की अंकितला सांग, दर्शन छान झालं. घरी आल्यावर मी तुला फोनवर कळवलं, तू दर्शनाचं विचारलंस आणि मी तेच सांगितलं. तिच्यासाठी मी खोटं बोलले. आपल्या दोघांच्या खोटेपणात फरक आहे, तो तुला कळावा म्हणून इथे लिहिलं.

परवा तुझा मेसेज आला. ताई, या वर्षी तुम्ही कार्ड वापरलंच नाही, महिनाअखेर फी लागेल, तीन लाखांचा खर्च कमी पडतोय, दुकानाची काही खरेदी टाकून दे ना. खाली हात जोडलेलं चित्र. मी तो मेसेज रागाने मोठ्याने वाचला आणि मम्मीने ऐकला.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. मम्मीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन मंचरला ठरलंय. तारीख अकरा, मंगळवार, सकाळी नऊला तिला आत नेतील. डॉक्टर म्हणाले, घरात नीट चालेल, डोंगराचं मनातून काढून टाका. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, कारण तू कामात असतोस. तुझा मेसेज ऐकल्यावर ती मला म्हणाली, "माझं बिल तेवढंच होतंय की. तुझ्याकडे त्याचं कार्ड आहे ना, त्यावर टाक. कशाचं ते सांगू नको. त्याची फी वाचेल." मी नाही म्हटलं. जन्मात पहिल्यांदा मी तिला तोंडावर नाही म्हटलं, आणि ती रडली, गुडघ्यांसाठी नाही, तुझ्या दहा हजारांसाठी. बिलाचे पैसे मी भरलेत. तुझ्याकडून मला एक रुपया नको, समजूत नको, बाहेरून आणलेलं काही नको. मी शपथ मोडली आहे, आणि ती शुद्धीवर येईल तेव्हा तिने डोळे उघडून पहिल्यांदा तुला बघावं, माझ्याकडे बघण्याआधी, एवढीच माझी इच्छा आहे. ये.

अजून तरी तुझीच,
टीना