अव्वाच्या पावलाचं माप

अप्पा, अव्वा गेली, त्याला आता महिना होत आला. शेवटच्या दिवसांत तिचं एकच मागणं होतं, तुमच्या शेजारची जागा. औषध पाजताना, वेणी घालताना ती मध्येच माझा हात धरायची आणि विचारायची, "त्यांच्या बाजूलाच ठेवशील की गं?" मी "हो" म्हणायचे आणि घाईघाईनं दुसरंच काही बोलायला लागायचे. त्या जागेचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे, पण सरळ तिथं जायला जीव धजत नाही. आधी तुमच्याशी थोडं भांडून घेते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या पडद्यांच्या दुकानात तुमचा वाद रोज चालूच असतो. गिऱ्हाईक खिडकी सांगतं फुटात, कापड मागतं मीटरमध्ये आणि झालर हवी म्हणतं चार इंची. मी मुकाट्यानं सगळं जुळवून देते आणि मनात म्हणते, अप्पा असते तर या बाईंना आधी मीटर शिकवला असता, मग पडदा.

घरात तरी तुम्ही कुणाला सोडलंत? मी लहान आहे, मला ताप आलाय. स्वयंपाकघरातच अव्वानं माझं अंथरूण घातलंय, म्हणजे भाकरी थापताना लक्ष राहील. तुम्ही थर्मामीटर खिडकीकडे धरून बघता. त्याच्यावर दोन्ही आकडे असतात, पण तुम्हाला एकच बाजू दिसते. "एकोणचाळीस," तुम्ही म्हणता. अव्वाचा जीव भांड्यात पडतो. "मग लई न्हाय की. काल शेजारच्या पोराला एकशे दोन होता." तुम्ही शांतपणे समजावता, "अगं, हाही तेवढाच. ते फॅरनहाइट, हे सेल्सिअस." तशी अव्वा पिठाच्या हातानं उठते. "मग एकशे दोन म्हणा की ओ! लेकरू तापलंय आणि तुमी शाळा घेताय व्हय?" गजरेवालीकडे तुम्ही अर्धा मीटर गजरा मागायचात. ती हसत हसत आपल्या कोपरापासून बोटापर्यंत मोजायची आणि अव्वा तुमच्या मागे तोंडाला पदर लावून उभी असायची. मला बघायला आले तेव्हा पाहुण्यांनी उंची विचारली. तुम्ही मोठ्या अभिमानानं सांगितलंत, "एकशे पंचावन्न." पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. आतून चहा घेऊन येणारी अव्वा दारातूनच म्हणाली, "पाच फूट एक इंच हाय ओ पोरगी, घाबरू नका." तुम्ही दोन दिवस तिच्याशी धड बोलला नव्हतात.

तुम्ही गणित शिकवायचात आणि मी तुमच्याच वर्गात बसायचे, हे माझं नशीब. वर्गातल्या सगळ्यांत उंच मुलाला आणि सगळ्यांत बुटक्या मुलीला तुम्ही भिंतीच्या कडेनं पाऊल जोडत जोडत चालायला लावलंत. दोघांची उत्तरं वेगळी आली. मग तुम्ही टेबलावर हात टेकून विचारलंत, "फूट म्हणजे पाय. पण कुणाचा पाय? सांगा, कुणाचा?" बुटकी मुलगी मीच होते. संध्याकाळी घरी येऊन मी अव्वाला विचारलं, तर ती म्हणाली, "ज्याचं काम त्याचा पाय. त्यात काय एवढं?" मला दोघांचंही पटलं होतं आणि ते कुणालाच सांगायची सोय नव्हती. पुढे एकदा ओट्यावर घालायचं रेक्झिन मी वितीनं मोजून कापलं आणि ते आखूड पडलं. तुम्ही ओरडला नाहीत. आखूड तुकडा हातात धरून एवढंच म्हणालात, "मोजताना स्वतःची फसवणूक करायची नाही." ओरडला असतात तर बरं झालं असतं.

तुम्ही गेलात त्या सकाळी काकांनी दोरा मागितला. आपल्या लिंगायतांत मयताला रुद्रभूमीत बसवून पुरतात आणि त्याच्या स्वतःच्या पावलानं खड्डा मोजतात, नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद, हे मी ऐकून होते, पण ते कधी तुमच्या बाबतीत ऐकावं लागेल असं मनात आलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. ज्या माणसानं जन्मभर मीटरसाठी घरादाराशी भांडण काढलं, त्याला शेवटी पायानं मोजायचं? मी काकांना तसं म्हणालेही. कोपऱ्यात बसलेली अव्वा तेव्हा पहिल्यांदा बोलली. "त्यांच्याच पावलानं मोजा. दुसऱ्या कुणाच्या मापात न्हाई बसायचे ते." काकांनी तुमच्या टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा धरला. तुमचा पाय इतका लांब आणि सडपातळ होता, हे मी त्या दिवशी पाहिलं. वर्गातल्या तुमच्या प्रश्नाला त्या सकाळी उत्तर होतं. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

अव्वा गेली तेव्हा काका आणि मी आधी रुद्रभूमीत जागा बघायला गेलो. तुमच्या समाधीच्या एका अंगाला दुसरी समाधी झाली आहे आणि दुसऱ्या अंगाला कंपाउंडची नवी भिंत आलीय. तिथला राखणदार टेप घेऊन आला. आता तिथं मशीननं खड्डे घेतात, सगळ्यांचं माप एकच, दीड मीटर रुंद. त्यानं तुमच्यापासून भिंतीपर्यंत टेप धरला आणि मान हलवली. "हितं न्हाय बसत ओ ताई. मीटरभर जागा हाय. तिकडं मागल्या अंगाला मोकळी हाय, तितं घ्या." मी म्हणाले, "आमच्यात पावलानं मोजतात. माझ्या आईचं पाऊल लहान आहे." तो म्हणाला, "मग हातानं खणावं लागंल. बसलं तर बसलं. दोरा आणा, बघू." अप्पा, तुमची मुलगी तिथं उभं राहून मीटरच्या विरुद्ध भांडली, आणि तुमच्यासाठीच भांडली.

घरी बायकांनी अव्वाला आंघोळ घातली. विभूती लावली. मी दोरा घेऊन तिच्या पायाशी बसले. किती छोटं पाऊल, टाचेला भेगा, बोटावर जोडव्यांचा जुना वळ. याच पायांनी ती आयुष्यभर तुमच्या मागं दोन पावलं चालली आणि तोंडानं मात्र कायम पुढं राहिली. मी टाचेपासून अंगठ्यापर्यंत दोरा ताणला आणि मनात पाचानं गुणलं. तुम्हीच शिकवलेला हिशेब. मीटरच्या वर जात होतं, थोडंसंच, पण जात होतं. पुन्हा धरला, पुन्हा तेच. बाहेरून काकांनी हाक मारली, "झालं का गं?"

संध्याकाळी तिला तुमच्या शेजारी बसवलं. स्वामींनी मंत्र म्हटले, आम्ही बेलपत्रं वाहिली, सगळ्यांनी माती दिली. राखणदार काकांना म्हणाला, "बरोबर बसलं बघा, दोऱ्यासारखं." काका म्हणाले, "वहिनीचं पाऊलच तेवढं." 

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. आणि असता, तरी तुमच्यासारख्या मास्तरांना हे लेखी द्यायची माझी छाती झाली नसती. अप्पा, दोरा मी बोटभर आखूड कापला. अव्वाला दाटी होत असेल. तुम्ही थोडं सरकून घ्या.