उजवी भुवई, डावी भुवई

शार्प्सबर्ग, मेरीलँड
८ मे १८८७

ती. थर्झाताईस,
ओबेडचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावली असशील. कालव्यावरची नोकरी सोडली. तिथली नावा ओढणारी खेचरं माझ्यापेक्षा शहाणी निघाली आणि मुकादम ते रोज बोलून दाखवायचा. आता इथे जुन्या रणभूमीवर पाये खणायचं काम लागलंय. म्हातारे झालेले शिपाई आपापल्या पलटणीच्या नावाचे दगडी स्तंभ उभारताहेत. स्तंभ त्यांचा, खड्डा आमचा. मक्याच्या शेतात कुदळ मारली की कधी गोळी निघते, कधी बटण. परवा मला पट्ट्याची पितळी बक्कल सापडली. तिच्यावर यू आणि एस ही आपल्या फौजेची अक्षरं. तू मारून-मुटकून शिकवलेली अक्षरं एकदाची कामी आली.

आता जे लिहायचं टाळतोय ते लिहितो. गावात एका दुकानात लढाईनंतर लगेच काढलेले फोटो मिळतात. एका पुठ्ठ्यावर शेजारी-शेजारी दोन चित्रं असतात. डोळ्यांना काच लावून पाहिलं की माणसं अंगासकट पुढ्यात येतात. एका कार्डात कुंपणाच्या कडेला आपल्या बाजूचे शिपाई ओळीनं पडलेत, मागे चुनखडीचा खडक आहे. त्यातल्या तिसऱ्याचं तोंड आभाळाकडे आहे. ताई, मला ऑल्डनदाजी आठवत नाहीत. ते लढाईवर जाऊन बेपत्ता झाले तेव्हा मी पाळण्यातून नुकता उतरलो होतो. मला ठाऊक आहे ती आपल्या चुलीवरच्या फळीवरची पत्र्यावरची तसबीर. पण हा माणूस त्या तसबिरीतलाच वाटतो. तसंच रुंद कपाळ, तसेच कान, आणि भुवई मधोमध चिरलेली, नांगराचं तास गेल्यासारखी.

कार्डातली चीर उजव्या भुवईला आहे. आपल्या तसबिरीत कुठल्या भुवईला, ते काही केल्या आठवेना. बघून कळव. कार्ड मी विकत घेऊन ठेवलंय, तू म्हणशील तेव्हाच पाठवीन. हे लिहून चूक केली की काय, या काळजीत आहे.

तुझ्या मायेवर इथवर निभावलं, पुढेही ती पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
ओबेड


कोल्डस्प्रिंग, ओहायो
१७ मे १८८७

चि. ओबेड यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोस्टमास्तरांनी चार माणसांत हातात ठेवलं. वर शेरा मारला की तुझा भाऊ मिशीला आला तरी एस उलटाच काढतो, गावाचं नाव वाचताना आमची मान अवघडते. मी हसले आणि तिथेच उभ्या-उभ्या पाकीट फोडलं. ते करायला नको होतं. चाकं बनवणारे गार्व्हर तिथे होते, त्यांनी मला बाकावर बसवलं आणि काही न विचारता घरापर्यंत सोबत केली.

टोपीही न काढता मी फळीपाशी गेले. चीर डाव्या भुवईला आहे. पंचवीस वर्षं मी रोज सकाळी तिच्यावरची धूळ पुसते आहे, मला कुणी सांगायला नको. तुझा तो माणूस दुसऱ्याच कुणा बाईचा. मी गुडघे टेकून तिच्यासाठी प्रार्थना केली. खरं सांगायचं तर आधी आपल्यासाठी केली, मग तिच्यासाठी.

तुला एक कळवलं नव्हतं. गार्व्हरांची बायको जाऊन तीन हिवाळे झाले. कापणी उरकली की दोघी मुलींना घेऊन ते कॅन्ससला जाणार आहेत, आणि त्यांनी मला लग्नाचं विचारलं होतं. पाद्रीबाबा म्हणतात, कायद्यानं ऑल्डन केव्हाच गेला. पण कायद्याला तो ओट्यावर बसून बूट काढताना दिसत नाही, मला दिसतो. कुठल्या इस्पितळात नाव विसरून पडला असेल, उद्या आठवण येऊन इथे पोचला आणि दार तिऱ्हाइतानं उघडलं तर? म्हणून तर मी हे घर सोडलं नाही. तुझं पत्र आलं तेव्हा वाटलं, आता निकाल लागला. तसबीर पाहिली आणि निकाल तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशी गार्व्हरांना नाही म्हणून आले. ते बरं म्हणाले, माझ्या बादलीचा सैल झालेला पट्टा ठोकून दिला आणि गेले.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. वाईट बातमी खोटी ठरली तर माणसाला बरं वाटायला हवं ना?

तुझं तोंड पाहून दोन वर्षं झाली. एक तसबीर काढून पाठव. नीट जेव, ओल्यात झोपू नकोस.

माझा जीव तुझ्यापाशी गहाण आहे, हे ध्यानात ठेवून वाग.
तुझी,
थर्झा


शार्प्सबर्ग
२ जून १८८७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

डावी तर डावी. माझ्या छातीवरचा दगड उतरला. गार्व्हरांना नाही म्हणालीस ते चांगलं झालं की वाईट, हे मला ठरवता येईना. नकार ऐकून बादली दुरुस्त करून जाणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. पण तुझ्यापुढे बोलायची माझी टाप नाही.

तसबीर सोबत आहे. फिरता तसबीरवाला गाडी घेऊन आला, आम्ही खणणारे एकेक करून उभे राहिलो. मान हलू नये म्हणून मागून लोखंडी आकडा लावतात, त्यामुळे मी फाशी दिल्यासारखा दिसतो. पत्र्यावरची आहे. कागदावरचीला थांबावं लागतं, आणि थांबणं माझ्या कुंडलीत नाही हे तू जाणतेस. इथलं काम संपलं की पश्चिमेकडे रेल्वेच्या कामावर जाईन म्हणतो. कुठे ते अजून ठरलं नाही, म्हणून आत्तापासून ओरडू नकोस.

राग केलास तरी चालेल, विसर पडू देऊ नकोस.
ओबेड


कोल्डस्प्रिंग
११ जून १८८७

चि. ओबेड यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तसबीर पोचली. मिशी तुला शोभत नाही, ती एखाद्या गरजूला दे. आता खरं सांग, उजव्या हाताला ते फडकं कसलं? पत्रात एक अक्षर नाही. आणि उजवा हात असा बांधलेला असताना तू लिहिलंस कसं? की कुणाकडून लिहून घेतलंस, आणि मला कळू नये म्हणून त्याला उलटा एससुद्धा शिकवलास?

लढाईनंतर या गावात रिकाम्या बाह्या टाचणीनं खांद्याला टाचलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. दोन दिवस चूल पेटवली, पण जेवण गेलं नाही. तू घरी ये. रेल्वेही नको आणि स्तंभही नकोत.

गार्व्हर सामान बांधताहेत. त्यांची धाकटी रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि आम्ही जाणार, आम्ही जाणार असं सांगते. मी तिला बिस्कीट देते आणि दुसरंच काहीतरी बोलते.

उलटटपाली उत्तर दे, तुझ्याच हातानं दे.
थर्झा


शार्प्सबर्ग
२१ जून १८८७

ती. ताईस, सा. न. वि. वि.

हात उजवा नव्हे, डावा. चौथऱ्याचा दगड उतरवताना एक बोट चेचलं, त्याचं टोक गेलं. तू अशीच घाबरशील म्हणून लिहिलं नाही. आता खपली धरली आहे, आणि उजवा हात अगदी धड आहे, हे पत्र त्यानंच लिहितोय. तुझं पत्र शेजारच्या खाटेवरच्या आयरिश गड्याला वाचून दाखवलं. म्हटलं, जगाला अक्षरं शिकवणाऱ्या आमच्या ताईला डावं-उजवं कळेना. दोघंही हसलो. मग माझं हसू मधेच थांबलं.

तसबीरवाला जवळच्याच गावात होता. त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, पत्र्यावर माणूस आरशातल्यासारखा उमटतो, डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. घरोघरच्या तसबिरी तशाच आहेत. कुणी तक्रार करत नाही, कारण जो तो स्वतःला आरशातच बघत आलेला असतो. कागदावरचा फोटो मात्र काचेवरून पुन्हा छापतात, म्हणून तो सुलट येतो.

ताई, कार्ड कागदाचं आहे. आणि फळीवरची तसबीर पत्र्याची.

हे कळल्यापासून मी तुला लिहायला बसतो आणि उठतो. एकदा वाटलं, तू गार्व्हरांना नाही म्हणालीसच, मग कशाला जखम उकरा. पण गाडी सुटून गेल्यावर सांगितलं असतं तर तू मला उंबऱ्यात घेतलं नसतंस, आणि बरोबरच केलं असतंस.

तसबिरीच्या पितळी चौकटीनं छातीखालचा भाग झाकलाय. तू ती चौकट कधी काढली नाहीस. आता काढ. पट्ट्याची बक्कल दिसेल. तिच्यावरची अक्षरं सुलट असली तर मी मूर्ख, हे पत्र चुलीत घाल. उलटा एस कसा असतो ते तुला सांगायला नको.

कार्ड घेऊन मी तो खडक शोधून काढला. कुंपण नवं घातलंय, पण खडकावरची भेग कार्डातल्यासारखीच आहे. फोटोवाला जिथे उभा राहिला असेल तिथे उभा राहिलो. तिसऱ्या माणसाच्या जागी एक गाय चरत होती. हाकलायला दगड उचलला आणि टाकून दिला. आपल्या बाजूच्या सगळ्यांना पुढे टेकडीवरच्या दफनभूमीत हलवलंय. ज्यांची नावं कळली नाहीत त्यांना लहान चौकोनी दगड आहेत, वर नुसते आकडे. कुणाचा कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

कार्ड पाठवतोय. एकटी असताना उघडू नकोस.

माझ्यावर रुसलीस तरी रुसव्याचं पत्र येऊ दे.
ओबेड


कोल्डस्प्रिंग
३० जून १८८७

चि. ओबेड यास ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

एकटीनंच उघडलं. माझं ऐकायला तू शिकला नाहीस, तुझं ऐकायला मी कुठून शिकणार.

चौकट गंजून बसली होती, लोण्याच्या सुरीनं काढली. बक्कल होती. एस उलटा होता, लहानपणी तू पाटीवर काढायचास तस्सा. आधी तुझीच आठवण झाली आणि मला हसू आलं, देव मला क्षमा करो. मग तसबीर हात-तोंड धुतो तिथल्या आरशासमोर धरली. त्यात जो माणूस होता त्याला मी पंचवीस वर्षांत पाहिलं नव्हतं. भांग दुसरीकडे, मान दुसरीकडे कललेली. डोळे मिटून त्याच्या भुवईवरून बोट फिरवायला हात पुढे केला, तर माझा डावा हात उठला. तो समोर बसायचा तेव्हा माझा डावाच हात उठायचा, कारण उजव्याला पीठ लागलेलं असायचं. मी रोज पुसत होते ती भुवई त्याची नव्हतीच.

मग कार्ड पाहिलं. तुला वाटला तोच आहे. तोंडावर त्रास दिसत नाही. तुलाही तसंच वाटलं होतं का, ते लिही. नसलं वाटलं तर लिहू नकोस.

दुसऱ्या दिवशी एप्रन न सोडता गार्व्हरांच्या भट्टीवर गेले. चाकावर बसवायची लोखंडी धाव लाल झाली होती, तापलेलं लोखंड थांबत नाही, म्हणून त्यांनी हात चालूच ठेवले आणि मी त्या ठोक्यांतच सगळं सांगितलं. धाव बसली, पाण्यात चुरचुरली, तेव्हा त्यांनी विचारलं की गाय बरोबर आणणार का. मी म्हटलं, ती दुसऱ्याच्या हातचं खात नाही. ते म्हणाले, मग गाडीचा डबा मोठा घ्यावा लागेल. हे मी घरी पोचायच्या आत धाकटीनं अख्ख्या आळीला सांगून टाकलं होतं.

घराला कुलूप लावायची मात्र छाती होत नाही. म्हणून एक काम सांगते, तेवढं न चुकता कर. त्या टेकडीवर जा. आकडा शोधत बसू नकोस. टोपी काढून सगळ्या चौकोनी दगडांपुढून सावकाश चाल, एकही गाळू नकोस. प्रत्येकाला सांग की थर्झानं घर बदललंय, ती आता कॅन्ससला राहते. घर हलवलं तर त्याला कळायला हवं.

मग तूही तिकडेच ये. रेल्वे तिथेही आहे.

बोटाला मेण लाव, आणि या म्हातारीवरची माया आहे तशीच ठेव.
तुझी,
थर्झा

ता. क. पाकिटावर गावाच्या नावात पुन्हा एस उलटा काढलास. पोस्टमास्तर काय बोलले ते लिहीत नाही. घरी येऊन पाकीटही आरशासमोर धरलं. बाकीचं सगळं उलटं झालं, तेवढा एस सुलट दिसला.